दोरीवरची अकरा नंबर

भवानी पेठ, सोलापूर
८ फेब्रुवारी १९७४

कल्लप्पा,

आधी ‘अप्पा’ लिहिलं होतं, मग खोडलं. वर शाईचा डाग दिसतोय तो त्याचाच. दहा वर्षांत तू मला बघितलेलं नाहीस, म्हणून ओळख देतो. तिप्पण्णा, तुझा मुलगा. वय बावीस. शाळा सातवीपर्यंत, तीही अर्धी. सध्या लॉरीवर क्लीनर. डाव्या भुवईवर तीन टाके आहेत, ताजे.

टाक्यांचं आधी सांगतो. मोहोळच्या अलीकडे एका टपरीवर आमची लॉरी थांबली होती. शेजारच्या लॉरीचा क्लीनर काच पुसत होता. पुसायचं फडकं तांबडं, आणि त्याच्यावर पांढरा नऊ. मी चहा ठेवला आणि गेलो. कॉलर उलटी करून बघितली तर आत पिवळी पट्टी. आपल्या गिरणीची.

म्हटलं, “हे मला दे.”

तो म्हणाला, “का, तुझ्या बापाचं हाय का?”

म्हटलं, “बापाच्या संघाचं हाय.”

तो हसला. त्या हसण्यावर मी त्याचं डोकं बॉनेटवर आपटलं. त्यानं जॅकचा दांडा काढला. पुढं काय झालं ते नीट आठवत नाही, पण त्याचे पुढचे दोन दात टपरीच्या पायरीवर होते आणि फडकं माझ्याकडे होतं. आमचा ड्रायव्हर मला शिव्या देत दवाखान्यात घेऊन गेला. त्या डॉक्टरकडे एक पोपट होता, कानडी बोलायचा. ते जाऊ दे.

तू मठाच्या आसऱ्याला झाडलोट करत बसलायस, विसरला असशील. म्हणून आठवण देतो. गिरण्यांची हॉकी लीग होती. सोलापूर, बार्शी, हुबळी, गुलबर्गा. बारा वर्षं चालली. खेळणाऱ्यांना पगार खेळण्याचाच, मागावर उभं राहायचं नाही. चौसष्टच्या सव्वीस जानेवारीला फायनल होती. आपली गिरणी तांबडी, वरची गिरणी निळी. तांबड्यात सहा नंबर तू. निळ्यात तुझा जावई, सिद्धारामदाजी. हाफटाईमनंतर तांबड्या सहा नंबरची काठी दाजींच्या कानामागे बसली आणि ते तिथंच गेले. पोलिसांनी ‘खेळताना लागले’ असं लिहिलं. आठवड्यात लीग बंद. अक्का तेव्हा अठराची. तू तिच्यासमोर उभा राहून म्हणालास, “माझ्या हातनं झालं.” सहा महिन्यांत अक्कलकोटला निघून गेलास. मला गोवर निघालेला, मी आतल्या अंधाऱ्या खोलीत होतो. मला अक्काचा फक्त आवाज आठवतो. तो माणसाचा वाटत नव्हता.

आता माझं ठरलंय. त्या दिवशीच्या तांबड्या अकराच्या अकरा जर्सी गोळा करायच्या. आपण जर्सी म्हणतो, खरं तर जाड मांजरपाटाचे सदरे. चार झाल्यात. सहा नंबर मिळाली की मी अक्कलकोटला येणार, ती तुझ्या अंगात घालणार आणि काठी माझ्या हातात असेल. कानामागेच मारीन. आधी सांगून ठेवलेलं बरं.

तिप्पण्णा


भवानी पेठ
३ मार्च १९७४

कल्लप्पा,

सात झाल्या.

तुझ्या संघाचा गोलकीपर रावजी आठवतो का? आता गुडघे गेलेत, दारात बाज टाकून पत्ते खेळतो. त्याची जर्सी त्याच्या म्हशीच्या पाठीवर होती, थंडीची. मी मागितली तर म्हणाला, “म्हशीला विचार की.” त्याचे सोबती हसले. मी म्हशीला विचारलं आणि जर्सी काढायला लागलो. रावजीनं बसल्या जागेवरनं काठी फेकली, ती पोटरीवर बसली. गुडघे गेले तरी नेम आहे. मी त्याच्या बाजेचा पाय उचलला आणि तो पत्त्यांसकट खाली आला. मग मात्र तो धुळीत पडल्या पडल्याच मला निरखायला लागला.

“कुणाचा तू?”

“कल्लप्पाचा.”

तो धुळीतनं उठून बसला. म्हणाला, “घेऊन जा. बापाला नमस्कार सांग.” माझी मूठ वळलेलीच होती आणि मारायला कुणी उरलं नाही. तुला नमस्कार कशासाठी, मला कळलं नाही. आला तसा पोचवला.

जर्सी हातात घेतल्या की माणूस कळतो, हे मला या महिन्यात समजलं. नऊ नंबरची उजवी बाही कोपरात फाटून शिवलेली, म्हणजे पडला की उजव्यावर पडायचा. तीन नंबरच्या पाठीवर रक्ताचा पट्टा आहे, धुऊन तपकिरी झालाय, पण त्याच्या स्वतःच्या पाठीला जखम नव्हती म्हणे. म्हणजे दुसऱ्याचं. कुणी विचारलं की हे कशाला गोळा करतोस, तर मी सांगतो, छंद. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, मी हे. रात्री सगळी बोचक्यात घालून डोक्याखाली घेतो.

अक्काकडेच उतरतो. ती चादरींच्या काठच्या दोऱ्यांच्या दशा वळते, बोटांना चिरा पडल्यात. तिला पत्रांचं माहीत नाही. तिचा समज असा की मी लीगच्या सगळ्याच जर्सी जमवतोय. परवा तिनं आपणहून ट्रंक उघडली आणि दाजींची काढून दाखवली. निळी, अकरा नंबर. घडी अशी की कालच इस्त्री केलीय. मी उलटून पालटून बघितली, रक्ताचा ठिपका नाही.

म्हटलं, “अक्का, ही तर स्वच्छ हाय.”

“त्या दिवशी ही ओली व्हती. दुसऱ्या कुणाची तरी चार नंबर घालून गेले.” तिनं घडी पुन्हा घातली. “ही तुला न्हाय देणार, तम्मा. बघायला दिली.” बावीसचा झालो तरी मी तिचा तम्माच, धाकटा भाऊ.

सांगायचं राहिलं. लॉरी सोडली. ड्रायव्हर म्हणाला, तू फडक्यासाठी माणूस मारशील. बरोबर बोलला.

तिप्पण्णा


भवानी पेठ
२६ मार्च १९७४

कल्लप्पा,

तुझं कार्ड मिळालं. दोन पत्रांत मी तुला मारायला येतो म्हणून लिहिलं आणि तुझं उत्तर काय, तर “पत्रं मिळाली. रुद्राणी जेवते का?” बस. मी कार्ड उलटून बघितलं, मागे काही आहे का म्हणून. पत्त्यात पेठेचं नाव चुकलंय.

हा प्रश्न तुला शोभत नाही. दाजी गेल्यावर अक्का जेवत नव्हती, तेव्हा तू हेच करायचास. ताट वाढून तिच्यापुढे ठेवायचास. ती ताट उचलून तुझ्या अंगावर फेकायची. आमटी तुझ्या छातीवरनं ओघळायची आणि तू गुमान खाली बसून भात गोळा करायचास. मग दुसरं ताट. दुसऱ्या ताटाचे ती चार घास खायची. मला वाटायचं, मी असतो तर पहिल्या ताटालाच निघून गेलो असतो.

आता कामाचं. सहा नंबर मिळाली.

तुमच्या संघाचे कपडे सांभाळणारा बसलिंगप्पा आता इस्त्रीचं दुकान चालवतो. त्याच्या टेबलावर घोंगडी, घोंगडीवर चादर. चादर सरकली तेव्हा खाली तांबडं दिसलं. दहा वर्षं माणूस लोकांच्या विजारी तुझ्या जर्सीवर कडक करतोय. जागोजाग भाजलीय, पण आकडा शाबूत आहे. सहा.

म्हटलं, “ही घेऊन जाणार.”

“न्हाय,” म्हणाला. वर बघितलंही नाही.

मी इस्त्री उचलली. निखाऱ्यांनी भरलेली, जड. त्याचं मनगट टेबलावर दाबलं आणि इस्त्री वर धरली. केस जळाल्याचा वास आला. म्हातारा हात ओढत नव्हता. मला म्हणाला, “लावायची तर लाव, नुसता धूर करू नगंस. गिऱ्हाइकाचा सदरा हाय खाली.”

मी इस्त्री ठेवली. जर्सी ओढून काढली आणि पळालो.

घरी आलो. अक्का दशांचा माल द्यायला गेली होती. मी ती अंगात घातली. आणि कल्लप्पा, ती माझ्या अंगात सैल झाली. खांदे दंडावर उतरले, पोटापाशी मूठभर जागा उरली. मी तुझ्यापेक्षा उंच, रुंद. तू काडी. अक्का सांगते, लग्नाआधी ती तुझा सदरा घालून पाणी भरायची. मग मी बगल बघितली. दोन्हीकडची शिवण उसवून आत चार बोटं रुंद कळी, म्हणजे जादा पट्टी घातलीय, दुसऱ्याच तांबड्या कापडाची, वेगळ्या दोऱ्याची. घाईनं घातलेले टाके आहेत.

तुझी जर्सी कुणासाठी मोठी केली?

तिप्पण्णा


भवानी पेठ
१४ एप्रिल १९७४

या पत्रात नाव घालत नाही. काय घालावं ते ठरत नाही.

बसलिंगप्पाकडे पुन्हा गेलो. त्याच्या मनगटावर फोड आला होता. त्यानं मला बसायला खोकं दिलं. मी पाया पडलो नाही, पण कोळसे फोडून दिले. हातोडी हातात आली की मला जरा बरं वाटतं. दोन पोती फोडून झाल्यावर तो बोलायला लागला.

त्याच्याकडनं कळलेलं तसंच्या तसं लिहितो, म्हणजे चुकत असेल तर तुम्ही सांगाल.

लीगचा नियम असा होता की गिरणीच्या हजेरीपटावर नाव असेल त्यानंच खेळायचं. पण फायनलला सगळ्याच गिरण्या बाहेरचा माणूस आणायच्या. हजेरीपटावरच्या कुणाची तरी जर्सी त्याच्या अंगात घालायची, पंचाच्या कागदावर नाव जुन्याचंच. ह्याला ‘नावावर उतरणं’ म्हणायचे. चौसष्टला निळ्यांकडे असे तिघं होते. आपल्याकडे एक. हिंदुराव म्हणून पैलवान, मोहोळचा. तो तुमच्या नावावर उतरला.

“कल्लप्पा आपणहून म्हणाला,” बसलिंगप्पा सांगत होता, “की माझा गुडघा दुखतोय, हिंदुरावला माझी जर्सी द्या. गुडघा कसला. जावयाच्या अंगावर जायचं नव्हतं त्याला. कळ्या मीच घातल्या, रातोरात. बोट टोचून घेतलं दोनदा.”

“मग अप्पा कुटं होते?”

“माज्याजवळ. कपड्यांच्या खोलीत. मैदानाकडं पाठ करून बसला. आरडाओरडा झाला की विचारायचा, निळे का तांबडे. शेवटी जो आवाज झाला, तो दोन्हीकडचा व्हता. तवा उठला.”

मग दगड सुरू झाले. रंगीत कापडाच्या कनाती पेटवल्या. पंचाचा जबडा मोडला. सायकलच्या साखळ्या, काठ्या, एकाचा कान फाटून लोंबत होता. त्या गर्दीतनं तुम्ही दाजींना खांद्यावर घालून बाहेर आणलं, पाठीवर दगड खात. तुमच्या सदऱ्यावरचं रक्त अक्कानं बघितलं ते हेच.

मी विचारलं, “मग इतकी वर्षं कुणी बोललं का न्हाय?”

“दोन्ही गिरण्यांची चोरी. बोललं की बावीस जणांची नोकरी गेली आसती. आणि तुझा बाप सोता म्हणतोय मी केलं, तर आमी कोण न्हाय म्हणणार? आमाला वाटलं, आज ना उद्या पोरीला खरं सांगंल.”

तुम्ही का नाही सांगितलंत? दहा वर्षं मी तुमच्या नावानं माणसांची तोंडं फोडत फिरलो. हुबळीत एका मुलानं नुसतं ‘तुझे वडील काय करतात’ विचारलं, तर मी त्याला विहिरीच्या काठावर धरून ठेवलं होतं. नोकरीसाठी गप्प बसलात म्हणावं, तर नोकरीही सोडलीत.

मोहोळला जातो. अक्काला सांगितलं, एक जर्सी आहे तिथं. तिनं भाकरी बांधून दिली. निघताना म्हणाली, “अक्कलकोटाकडनं कुणी येतं का रे तुज्या वळखीचं? म्हातारा हाय का गेला, कळत न्हाय.” दहा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, असेल.

काठी घेतलीय. आठ नंबरवाल्यानं जर्सीबरोबर फुकट दिली, मुठीला अजून पट्टी आहे.

तिप्पण्णा


मोहोळ
२ मे १९७४

अप्पा,

डाव्या हातानं कागद दाबता येत नाही, दोन बोटं मोडलीत. अक्षर वाकडं आहे ते त्यामुळं. एरवीही वाकडंच असतं.

हिंदुराव बाजारात पोती उचलतो. पन्नाशीचा असेल, पण पाठ दरवाजाएवढी. मी आधी तीन दिवस नुसता बघत होतो. मधे एक दिवस मिरचीच्या लिलावात काम मिळालं, तिथं एका म्हातारीशी ओळख झाली, सारजाबाई नाव, तिचा मुलगा सैन्यात आहे. सांगत काय होतो? हां. चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यावर पोतं होतं तेव्हा मी पुढं गेलो आणि काठीनं नडगीवर मारलं. सगळा जोर लावून. आवाज झाला. त्यानं पोतं टाकलं नाही, अप्पा. हळू खाली ठेवलं. मग वळला.

मी दुसरी मारली, बरगडीत. तिसरी त्यानं हातात धरली आणि काठीबरोबर मला ओढलं. पहिला फटका तोंडावर, दुसरा कुठं ते कळलं नाही. माझा हात त्याच्या पायाखाली आला तेव्हा बोटं मोडल्याचं मीच ऐकलं. मी त्याच्या पोटरीला चावलो. बाजारातली माणसं गोल करून उभी होती, कुणीतरी म्हणत होतं, “हिंदुरावअण्णा, पुरं, मरंल की.” मी खालनं ओरडलो, “मार. एक सिद्धाराम मारलास, आता मेव्हणा मार.”

त्यानं वळलेली मूठ सोडली. तिथंच मातीत माझ्याशेजारी बसला. नडगीतनं रक्त येत होतं, बघितलंही नाही.

“कल्लप्पाचा का तू?”

मग त्यानं मला उचलून हाडवैद्याकडं नेलं. बोटं बांधेपर्यंत माझा खांदा धरून बसला. चहा पाजला, बशीत ओतून, कारण ओठ फुटले होते. तो सांगत होता ते मी नीट ध्यानात ठेवलं.

“तुज्या बापानं मला एकच सांगितलं व्हतं. निळ्यातला अकरा नंबर माजा जावई हाय. त्याच्या अंगाला काठी लागली न्हाय पायजे. बाकी कुणाला बी बघ. मी शपथ घेतली. आन् पाळली, बाळा. मैदानात उतरलो तो पयला अकरा शोधला. निळ्यात अकरा दिसंना. इकडं बघ, तिकडं बघ, न्हाय. मला वाटलं, बाहेर बसला. बरं झालं म्हटलं. मग माजा हात मोकळा झाला. चार नंबर लई पळत व्हता, कुणाला ऐकंना. मला सांगितलंच व्हतं की फुडचा माणूस पाडायचा. पाडला.” त्यानं आपला तळवा उघडून बघितला. “कल्लप्पा आला, वाकला, तोंड वळवलं त्याचं. तवा मला कळलं, चार नंबर कोन ते.”

“तुमी अक्काला येऊन का न्हाय सांगितलं?”

“आलो व्हतो. तुज्या बापानं वेशीवरनं परत लावला. माज्या पाया पडला तो. माज्या. म्हणाला, पोरीफुडं जाऊ नगंस. त्या दिवसापासनं मी काठी धरली न्हाय.”

अप्पा, मी त्याला मारू शकलो नाही. काठी तिथंच बाजारात राहिली, आता कुणी बैल हाकत असेल.

पण मी फार खुशीत आहे. तोंड सुजलंय, त्यानं हसता येत नाही एवढंच. तुम्ही नव्हता. दाजी त्या दिवशी चार नंबरात होते, नशीब म्हणायचं, पण तुम्ही नव्हता. तुम्ही तर त्यांना वाचवायला गेला होता. उद्याच्या एसटीनं सोलापूरला जातो आणि अक्काला सगळं सांगतो. तुम्हाला काय संकोच होता तो तुमच्याकडे. मी लहान आहे, मला नाही. तिला घेऊनच अक्कलकोटला येतो. सहा नंबर तिच्या हातात देतो, कळ्या दाखवतो, मग तिला कुणाच्या शब्दाची गरज नाही. दहा वर्षांनी तुम्ही दोघं एका ताटाशी बसाल.

तुमचा
तिप्पण्णा


भवानी पेठ
५ मे १९७४

अप्पा,

पेन तीनदा खाली ठेवलं. आता एका दमात लिहितो.

परवा दुपारी घरी पोचलो. अक्का दारात दशा वळत होती. माझं तोंड बघून उठली, हळद लावली आणि हळद लावता लावता दोन थपडाही दिल्या. “कुणाला मारलंस?” म्हटलं, “ह्या टायमाला मलाच मारलं.” ती हसली. मी बोचकं सोडलं आणि सहा नंबर तिच्या मांडीवर ठेवली.

तिचं हसू गेलं. तिनं हात मागं घेतले, विस्तवावरनं घेतात तसे.

मी म्हटलं, “घाबरू नको. अक्का, ऐक. सहा नंबरातला माणूस—”

“थांब,” म्हणाली. आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. निळी अकरा घेऊन आली आणि सहाच्या शेजारी जमिनीवर ठेवली. दोन्ही बाह्या जुळवल्या. मग बोलायला लागली. मी मधे बोलायला हवं होतं, नाही बोललो.

“ही ओली व्हती म्हटलं ना मी तुला. मीच भिजवली, तम्मा. मुद्दाम. सासरा-जावई समोरासमोर नकोत म्हणून सकाळी पाणी भरायच्या टायमाला बादलीत घातली, वर साबण चोळला. म्हटलं बघू कसे जातात. तर हसले की रे. म्हणाले, रुद्रे, जर्सी भिजली म्हणून हॉकी थांबती व्हय? त्यांच्यातल्या मायाप्पाचा पाय मुरगळला व्हता, त्याची चार नंबर घालून गेले.”

अप्पा, माझ्या बोटांतली कळ थेट डोक्यात गेली. हिंदुराव अकरा शोधत होता. इकडं बघ, तिकडं बघ.

ती सांगतच होती. “त्यांना आणलं तवा ही दोरीवर व्हती. पाणी ठिबकत व्हतं. अप्पा दारातनं आत आले. आधी दोरीकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग माज्याकडं. आन् मग म्हणाले, माज्या हातनं झालं.”

मी आतल्या खोलीत गोवरानं पडलो होतो. चार पावलांवर. ती दोरी मी बघितली नाही, आणि दहा वर्षं तुमच्यावर काठी उगारून फिरलो.

अक्कानं डोळे पुसले. “अलीकडं मला वाटतं,” म्हणाली, “अप्पा जावयाला कसं मारतील? चुकून लागलं आसंल. का दुसरंच काय आसंल.” मग माझ्याकडं वळली. “तू सांगत व्हतास ना काय तरी. सहा नंबरातला माणूस म्हणून काय?”

माझ्या समोर जर्सी होती. कळ्या दिसत होत्या. तिनं नुसतं बोट घातलं असतं तर समजलं असतं, रोज धाग्यात हात असतो तिचा.

मी म्हटलं, “अप्पाच होते.”

“चुकून?”

मी म्हटलं, “न्हाय. हिंदुराव म्हणून एक खेळत व्हता त्या दिवशी, मोहोळचा. त्यानं डोळ्यानं बघितलं. अप्पांनी दाजींना वळखलं व्हतं. वळखून मारलं.”

चुकून म्हटलं असतं तर ती विचार करत राहिली असती आणि कधीतरी त्या दोरीपर्यंत पोचली असती. म्हणून हे घातलं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, मालकांना, ड्रायव्हरांना, पोलिसांना. ते सगळं स्वतःला वाचवायला.

ती उठली. सहा नंबर उचलली, मोरीत नेली, दगडावर टाकली आणि धोपटणं घेतलं. एवढ्याशा बाईच्या अंगात एवढा जोर मी बघितला नव्हता. तिनं तुम्हाला मारलं, अप्पा. छातीवर, तोंड असेल तिथं, कानामागं. कानामागं तर मोजून मारल्यासारखं. मी धरायला गेलो तर धोपटणं माझ्या बांधलेल्या हातावर बसलं. मी बाजूला झालो नाही. शिवणी उसवल्या, दोन्ही कळ्या सुटून मोरीत पडल्या, आकडा फाटला. शेवटी दम लागून ती खाली बसली. मग तसाच तो ओला गोळा चुलीत घातला. ओला म्हणून नुसता धुमसत राहिला, घरभर धूर. मी कळ्या मोरीतनं उचलून त्याच्यावर टाकल्या. तेवढं माझ्या हातानं.

संध्याकाळी बसलिंगप्पाकडे गेलो. म्हटलं, अक्कासमोर कधी बोलू नका. तो इस्त्री फिरवत राहिला. म्हणाला, “दोरीवरची अकरा आमी समद्यांनी बघितली रे, प्रेताबरोबर आलो व्हतो. बाप पयल्याच दिवशी समजला, आमी हळूहळू समजलो. तुलाच दहा वर्षं लागली.” गेल्या महिन्यात मला त्यानं अर्धंच सांगितलं होतं. कोळसे फोडणाऱ्या पोराला ह्याहून जास्त सांगायला तो भ्याला असेल. रावजीचा नमस्कार मला तेव्हा कळला.

अक्कानं निरोप दिलाय. जसा दिला तसा लिहितो: “त्यांना सांग, मी मेले तरी खांद्याला येऊ नगा.” पोचला असं समजा.

मी येतोय, सोमवारी, सकाळच्या गाडीनं. काठी नाही. जर्सी रावजीच्या म्हशीला एक, बाकीच्या बसलिंगप्पाला दिल्या, टेबलावर अंथरायला. मठाच्या बाहेर उभा राहीन. मला मारायचं असेल तर मारा, मी हात वर करणार नाही. नाहीतर एक झाडू द्या.

तुमचं दुसरं कार्ड काल आलं. पेठेचं नाव पुन्हा चुकलंय, तरी पोचलं. प्रश्न तोच. मी पहिल्या वेळी उत्तर दिलं नव्हतं.

त्या दिवशी चूल विझल्यावर अक्कानं हात धुतले, पीठ काढलं आणि पुन्हा जाळ केला. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. दोन्ही संपवल्या.

जेवते, अप्पा.

तुमचा
तिप्पण्णा